जमिनीखाली कोण बोटं मोडतंय?

मामाचा पायजमा काल संध्याकाळी गवताला टेकत होता. आज सकाळी तो हवेत होता.

"वर गेला! वर गेला!" पिपाणी ओरडली.

पिपाणी दहा वर्षांची. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. आवाज असा, की वर्गात तिला शेवटच्या बाकावर बसवत, म्हणजे पहिल्या बाकावरच्यांचे कान वर्षभर टिकत. तिचा भाऊ चिकट तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. प्रश्न एकदा पकडला की सोडायचा नाही, म्हणून चिकट. तो तंबूतून डोळे चोळत बाहेर आला.

"कोण वर गेला?"

"पायजमा!"

त्यांच्यामागून ताई आली. ताई म्हणजे या दोघांची मावसबहीण. ती तेरा वर्षांची होती, पण तिच्या आईवडिलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. तिने दोरीकडे पाहिलं. दोरीचं एक टोक मामाच्या ट्रकच्या कडीला बांधलेलं होतं, दुसरं चढावरच्या एका वाकड्या झाडाला. काल ती मध्ये अशी लोंबत होती, की मामाच्या पायजम्याचे पाय गवतात बसले होते. आज दोरी तारेसारखी ताठ होती. वाऱ्याची झुळूक आली आणि ती बारीक आवाजात गुणगुणली.

"मामा, दोरी कुणी ओढली?" चिकटने विचारलं.

मामा ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसून दात घासत होता. सामान हलवण्याचा त्याचा धंदा. वर्षभर तो लोकांची कपाटं, पलंग आणि सासूबाई या घरातून त्या घरात नेत असे. वर्षातून एकदा तो ट्रकच्या हौद्यात गाद्या टाकून, वर ताडपत्री ओढून भाच्यांना डोंगरात आणत असे.

"कुणी नाही ओढली. कपडे वाळले, वजन कमी झालं, दोरी वर आली. साधं शास्त्र आहे!"

चिकटने पायजमा पिळला. पसाभर पाणी खाली पडलं.

मामा चूळ भरायला निघून गेला.

ही सपाटी निवडली होती बूटवाल्या काकांनी. काका मामाचे मित्र. त्यांचं बुटांचं दुकान होतं, आणि डोंगर चढायचे बूट ते विकत. त्यामुळे डोंगराविषयी त्यांचा शब्द शेवटचा. ते स्वतः डोंगर किती चढले होते हे कुणी विचारलं नव्हतं. काल गाडीवाटेवर पांढरे रंगवलेले धोंडे आडवे मांडलेले दिसले, तेव्हा काका म्हणाले होते, "कुणाचा तरी पोरखेळ! सरकवा बाजूला." मामाने आणि काकांनी मिळून ते सरकवले होते, आणि ट्रक थेट सपाटीच्या टोकाला, दरीकडे तोंड करून उभा राहिला होता. उठल्याउठल्या दृश्य दिसावं म्हणून.

दृश्य दिसत नव्हतं. पांढरं, जाड धुकं होतं, आणि त्यात एकही पाखरू बोलत नव्हतं.

"काल आपण झोपताना ऐकलं ना, ते आत्ता पुन्हा झालं," पिपाणी एकाएकी हळू आवाजात म्हणाली. पिपाणी हळू बोलली की घरातले घाबरत.

तिघांनी गवतात कान लावले. थोडा वेळ काहीच नाही. मग खोलवरून, अगदी सावकाश... कट्. थोड्या वेळाने पुन्हा. कट् कट्.

जणू कुणीतरी जमिनीखाली पडल्यापडल्या बोटं मोडत होतं.

"उंदीर असेल," ताई म्हणाली.

"एवढा मोठा?" पिपाणी म्हणाली.

ताईलाही उंदराची मापं पटली नव्हती.

चिकटने दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा ढिली बांधली. पायजम्याचे पाय गवताला टेकतील इतकी. मग चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ट्रकच्या मागच्या चाकाकडे गेला. चाकाला दगड लावलेला होता. टायरवरून थेट त्या दगडावर त्याने एक सरळ काळी रेघ ओढली.

"हे काय नक्षीकाम?" ताईने विचारलं.

"ट्रक पुढे सरकत असेल तर दोरी ताणली जाणार. पण ट्रक सरकला तर चाक फिरणार. आणि चाक फिरलं तर रेघ तुटणार!"

"चिकट, कधीकधी तू हुशार वाटतोस रे."

"कधीकधी म्हणजे?"

चहा झाला. उकडलेले बटाटे झाले. मामी हौद्यात गादीवर बसून खात होती. काल फाळक्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला होता, घोटा सुजून कणकेच्या गोळ्यासारखा झाला होता. त्यामुळे आजच्या चढाईला ती येणार नव्हती. पिपाणी झऱ्यावर भांडी घासायला गेली आणि तशीच परत आली.

"पाणी गढूळ झालंय. काल काचेसारखं होतं!"

"झऱ्यांचं असंच असतं. त्यांची एक वेळ असते," काका बुटाची नाडी बांधत म्हणाले.

"कसली वेळ, काका?" चिकट चिकटला.

"गढूळ व्हायची."

चिकट पुढचा प्रश्न विचारणार, एवढ्यात ताईने त्याचा दंड पकडला. दोरी पुन्हा ताठ झाली होती. पायजमा पुन्हा हवेत होता. तिघं धावत चाकाकडे गेली.

काळी रेघ जशीच्या तशी होती. अखंड.

"ट्रक हलला नाही," ताई पुटपुटली.

"तरी पुढे गेला," चिकट म्हणाला.

पिपाणीने आधी एक पाय उचलून पायाखाली पाहिलं, मग दुसरा पाय उचलून पाहिलं. दोन्ही एकदम उचलता येत नाहीत याचं तिला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

मामाला सांगून पाहिलं. मामा म्हणाला, "दोरी नायलॉनची आहे, थंडीने आखडते." काकांनी मान डोलावली. थंडीने त्यांच्या दुकानातल्या नाड्यासुद्धा आखडतात, असं त्यांनी सांगितलं. मग मामीजवळ पाण्याची बाटली आणि शिट्टी ठेवून मंडळी निघाली.

पायवाट म्हणायला पायवाट होती. खरं तर डोंगराने नाइलाजाने सोडलेली एक फट होती ती. एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला धुकं, आणि धुक्याखाली काय आहे हे न दिसणंच बरं. दगड पायाखाली डुगडुगत. कुठे कुठे हातांनी धरून चढावं लागे. काका सगळ्यांत पुढे होते, पण दर वळणावर बुटाची नाडी बांधायला थांबत, त्यामुळे सगळ्यांत मागे पडत. मामाचे गुडघे पहिल्या चढालाच बोलायला लागले होते.

"मामा, तुझे गुडघे वाजतायत," पिपाणी म्हणाली.

"ते गुडघे नव्हेत, बूट आहेत."

"माझे बूट वाजत नाहीत," मागून काकांचा दुखावलेला आवाज आला.

डोंगराच्या खांद्यावर पोचले आणि सगळे दम खायला बसले. तेवढ्यात वारा उठला. खिडकीचं दार उघडावं तसं धुकं खाली एका जागी फाटलं आणि खोलवर सपाटी दिसली. काडेपेटीएवढा ट्रक. टिकलीएवढा तंबू.

आणि गवतावर एक काळी रेघ.

वाकड्या झाडाच्या पायथ्याखालून जात, गाडीवाट ओलांडून, ती गोल वळत सपाटीच्या दोन्ही कडांना जाऊन भिडली होती. विळ्यासारखी. ट्रक त्या विळ्याच्या पोटात उभा होता.

"काल नव्हती ती," ताई म्हणाली.

चिकट उभा राहिला. "झाड रेघेच्या वर आहे. ट्रक रेघेच्या खाली. दोघांमधली दोरी ताणली जातेय... ताई, ट्रक नाही जात! जमीनच जातेय! ट्रक नुसता तिच्यावर बसून जातोय!"

"आणि ते बोटं मोडणं?"

"मुळं! जमिनीतली मुळं तुटतायत. एकेक करून."

पिपाणीने खाली पाहिलं. मग तिच्या तोंडून इतका बारीक शब्द निघाला, की शेजारच्या ताईलाच ऐकू आला.

"मामी."

धुक्याची खिडकी मिटली.

"मामा, बघ, खाली बघ!" तिघं एकदम ओरडली.

मामा आणि काका काठाशी आले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"धुकं आहे," काकांनी जाणकाराच्या सुरात निर्णय दिला.

सांगण्यात वेळ घालवायचा नाही, हे ताईला कळलं. तिने चेहरा शांत केला. "मामा, मामी एकटीच आहे रे. तिचा पाय दुखत असेल. आपण खाली जाऊया का?"

मामाच्या चेहऱ्यावर कर्तव्याचं तेज पसरलं. "अगदी मनातलं बोललीस! मला शिखर हवंच होतं, पण बायकोपुढे शिखर काय चीज आहे?" आणि त्याचे गुडघे उताराला लागलेसुद्धा.

खाली पोचल्याबरोबर मुलं रेघेपाशी धावली. ती रेघ नव्हतीच, भेग होती. हात आत जाईल एवढी रुंद, आणि तिच्या ट्रककडच्या बाजूची जमीन घोटाभर खाली बसलेली. ताईने एक खडा उचलून भेगेत टाकला. तिघं कान देऊन उभी राहिली.

खडा पडल्याचा आवाज आला नाही. आणखी थोडा वेळ थांबूनही आला नाही.

"काका! ही भेग बघा!" चिकट ओरडला.

काकांनी बुटाच्या टोकाने भेगेला हलकेच टोचलं. "उन्हाने पडते अशी."

"ऊन कुठाय, काका? दोन दिवस धुकं आहे!"

"गेल्या वर्षीचं ऊन," काका म्हणाले. "जमीन सावकाश तापते."

"मामा, ट्रक काढ इथून! आत्ताच्या आत्ता!"

"अरे, वर्षभर मी दुनियेचं सामान हलवतो. सुट्टीत काही हलवत नाही," मामाने जांभई दिली. "काकांना कळतं त्यातलं. मी जरा पडतो हौद्यात."

आणि तो खरंच निघाला! खालून आवाज आला. आता एकेक बोट नव्हतं. कट्कट्कट्... साऱ्या हाताची बोटं.

ताईने दोघांना जवळ ओढलं. "ऐका. मामाला भीती घालून उपयोग नाही, त्याला भीतीच वाटत नाही. त्याला काय वाटतं?"

"अभिमान," चिकट म्हणाला. "रिव्हर्सचा."

हे सगळ्या घराला ठाऊक होतं. गल्ली कितीही बोळकांडी असो, मामा ट्रक उलटा घालून दाखवायचा, आणि मग जेवताना ते दाखवलेलं पुन्हा सांगायचा.

"फळ्या काढ," ताई म्हणाली. "कपाटं चढवायच्या. भेगेवर टाकायच्या, चाकांच्या रेषेत. पिपाणी, तू काकांकडे. मी मामीकडे."

मामी हौद्यात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. ताई बोलायच्या आतच ती म्हणाली, "अगं, सकाळपासून कुणीतरी गाडीला खालून ढोसतंय. मी शिट्टी वाजवणार होते, पण म्हटलं, हे येऊन हसतील."

ताईने चार वाक्यांत सगळं सांगितलं. मामीने चार शब्दांत उत्तर दिलं. "मला आधी खाली उतरव."

तिकडे पिपाणी काकांसमोर उभी होती. "काका, तुम्ही मगाशी म्हणालात ना, की फळ्यांवरून चढाला रिव्हर्स घेणं जगात कुणालाच जमत नाही?"

"मी म्हणालो?"

"हो! मामालासुद्धा जमणार नाही, म्हणालात."

न बोललेली गोष्ट नाकारण्यापेक्षा ती आपलीच म्हणण्याची काकांना सवय होती. "हं... म्हणालो असेन. बरोबरच आहे ते! अशक्य आहे."

हौद्याच्या दिशेने जाणारा मामा जागच्या जागी थांबला. सावकाश वळला.

"काय अशक्य आहे?"

"जाऊ द्या हो," ताईच्या खांद्यावर भार टाकून लंगडत मामी म्हणाली. "लग्नाआधीपासून तुमच्या रिव्हर्सची ख्याती ऐकतेय. ऐकण्यातच बरी असेल ती."

मामाची झोप उडाली. त्याने काकांकडे पाहिलं, मग चिकटने भेगेवर टाकलेल्या फळ्यांकडे, मग बायकोकडे.

"बस तिकडे वर. धोंड्यांपलीकडे. नीट दिसेल अशी बस!"

मामी भेग ओलांडून वर गेली. काकाही परीक्षकाच्या डौलात वर गेले. चिकटने चाकांचे दगड काढले आणि दोरी सोडली. मामा केबिनमध्ये चढला. आता त्या विळ्याच्या पोटात एकटा मामा होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"मी सांगू का त्याला?" ताई कुजबुजली.

"सांगितलंस तर उतरून काकांना विचारायला जाईल," चिकट म्हणाला.

इंजीन धडधडलं. त्या धडधडीने गवतातून एक शहारा गेला. आणि पिपाणीने आयुष्यात पहिल्यांदा आपला आवाज पूर्ण सोडला.

"येऊ दे! येऊ दे मामा! येऊ दे! डावीकडे घे! बस! सरळ! येऊ दे!"

ट्रक उलटा चढू लागला. मागची चाकं फळ्यांना लागली. फळ्या वाकल्या, पण चाकं चढली आणि पार झाली. मामाने खिडकीतून डोकं काढून काकांकडे विजयी नजर टाकली.

"इकडे नको बघू! येऊ दे!" पिपाणी किंचाळली.

पुढची चाकं फळ्यांवर आली आणि त्याच वेळी भेग रुंदावली. आता चोरपावलांनी नाही, डोळ्यांदेखत. उजवी फळी एका टोकाने घसरली. ट्रकचं तोंड एकदम खाली झुकलं आणि चाक हवेत गरगर फिरू लागलं. केबिनमधून समोर पाहणाऱ्या मामाला प्रथमच दिसलं, की समोरचं गवत आपल्यापासून दूर चाललं आहे.

"मामा, थांबू नकोस! पाय दाब! दा—ब!"

मामाने पाय दाबला. इंजीन गुरासारखं ओरडलं. डाव्या चाकाने उरलेल्या फळीला घट्ट धरलं, ट्रकने एक हिसका दिला, आणि सगळाच्या सगळा, तोंडापासून शेपटीपर्यंत, वर आला. पांढऱ्या धोंड्यांमधून मागे जातजात तो मामीच्या पुढ्यात थांबला.

फळी भेगेत पडली. तिचाही आवाज आला नाही.

मग सपाटी निघाली. आधी अगदी शांतपणे. टोकाची झाडं उभीच्या उभी, माणसं रांगेत चालावीत तशी खाली चालत गेली. त्यांच्यामागून तंबू गेला, चूल गेली, काकांची सुटकेस गेली. सगळं धुक्यात शिरलं. आणि ते दिसेनासं झाल्यावर मग आवाज आला. दरीच्या तळातून, पोटात घुमणारा, लांबलचक. तो थांबल्यावरही बराच वेळ दगड एकेक करून खाली जात राहिले.

मामा केबिनमधून उतरला. जिथे ट्रकच्या हौद्यात तो पडणार होता, तिथे त्याने पाहिलं. तिथे धुक्याशिवाय काहीच नव्हतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "तुम्हाला माझा रिव्हर्स बघायचा नव्हता?"

"नाही मामा," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "खोटं बोललो आम्ही. चुकलं आमचं."

मामाने तिघांना एकदम कवेत घेतलं, इतकं घट्ट की पिपाणीलासुद्धा आवाज काढता येईना. मग तिच्या कानाशी हळूच विचारलं, "पण चांगला होता ना?"

"एक नंबर!" पिपाणी कशीबशी म्हणाली.

काका एका धोंड्यावर बसले होते. "माझ्या चुकीने..." ते म्हणाले आणि थांबले. हे दोन शब्द त्यांनी याआधी कधी वापरले नसावेत, कारण पुढे काय म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मामीने त्यांना पाणी दिलं.

आवाज ऐकून खालच्या रस्त्यावरून कामगारांची टोळी धावत आली. पुढे मुकादम होता. त्याने तुटलेला कडा पाहिला, ट्रक पाहिला, सहा जिवंत माणसं दोनदा मोजली.

"हे धोंडे आम्हीच लावले होते! ही जमीन सुटलेली आहे म्हणून! कुणी हलवले?" तो गरजला. मोठी माणसं आपापले बूट पाहू लागली. "आणि वेळेवर बाहेर कसे पडलात? कुणाला कळलं?"

मामाने सगळं सांगितलं. पायजमा, कोळशाची रेघ, झरा, भेग, फळ्या. स्वतःच्या जांभईसकट, काहीही न लपवता. ऐकता ऐकता मुकादमाचा राग उतरत गेला. त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

"माझ्या टोळीत असं बघणारी माणसं असती, तर मी निवांत झोपलो असतो," तो म्हणाला. "आता मी सांगतो ते नीट ऐका. परतीची वाट दोन ठिकाणी कच्ची आहे. कुठे उतरायचं, कुठे गाडी सोडून चालायचं, हे एकदाच समजावणार. तुमच्यातलं जाणतं माणूस पुढे या."

मामा पुढे आला नाही. काकांनी तर एक पाऊल मागे घेतलं. मग दोघांनी मिळून, अगदी आदराने, तीन मुलांसाठी वाट करून दिली.

"बोला!" पिपाणी म्हणाली, आणि मुकादमाने दोन्ही कानांवर हात ठेवले.